प्रकाश, चुंबक आणि पूर्वज्ञान : स्तनांच्या संयुक्त प्रतिमाचित्रणाविषयी

अंधाऱ्या खोलीत पेटत्या टॉर्चवर तळहात ठेवला की बोटांच्या कडा लालबुंद दिसू लागतात. टॉर्चचा प्रकाश पांढरा असतो. हातातून पलीकडे येतो तो मात्र लाल, कारण निळा आणि हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते आणि लाल प्रकाश बऱ्याच अंशी निसटतो. लहानपणी हा खेळ केलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आलेली नसते. हातातून एवढा उजेड येतो, तरी आतली हाडे दिसत नाहीत. प्रकाश आरपार येतो, पण आतला नकाशा बरोबर आणत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले तंत्र याच अडचणीतून जन्माला आले आहे.

हे तंत्र म्हणजे स्तनाची प्रकाशाने केलेली तपासणी आणि एमआरआय यांचा संयोग. स्तनात लागलेली गाठ कर्करोगाची आहे की निरुपद्रवी, याचा अंदाज शक्यतो सुई न खुपसता यावा, यासाठी गेली पंचवीसेक वर्षे त्यावर काम चालू आहे. साहित्याच्या अध्यापकाने या विषयाला हात का घालावा, याची दोन कारणे आहेत. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवताना ‘हे आमच्या भाषेत सांगता येते का?’ हा प्रश्न वारंवार समोर येतो, हे एक. आणि या तंत्राचा गाभा यंत्रात नाही, तर अपुऱ्या खुणांवरून अर्थ लावण्यात आहे, हे दुसरे. अपुऱ्या खुणांवरून अर्थ लावणे हा तर आपला रोजचा व्यवसाय.

स्तनांच्या तपासणीचे रूढ साधन म्हणजे मॅमोग्राफी, अर्थात क्ष-किरणांनी घेतलेले छायाचित्र. त्यात चरबी काळपट दिसते, दुग्धग्रंथी व त्यांच्याभोवतीचे तंतू पांढरे दिसतात, आणि गाठही पांढरीच दिसते. तरुण स्त्रियांच्या स्तनांत ग्रंथींचा भाग दाट असल्याने पांढऱ्यावर पांढरे शोधण्याची वेळ येते. भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनांचाच आहे आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने तो आपल्याकडे सरासरीने कमी वयात आढळतो. त्यामुळे मॅमोग्राफीची ही मर्यादा आपल्याकडे अधिक जाणवते.

क्ष-किरणांऐवजी साधा प्रकाश वापरण्याची कल्पना नवी नाही. १९२९ साली मॅक्स कटलर या अमेरिकी शल्यविशारदाने अंधाऱ्या खोलीत स्तनाखाली दिवा धरून निरीक्षणे नोंदवली. पाण्याने भरलेली गाठ उजळून निघते, रक्त साठलेला भाग काळा दिसतो, एवढे त्याला स्पष्ट सांगता आले. पण सावल्या धूसर होत्या आणि दिवा प्रखर करावा तर त्याची उष्णता सोसवत नसे. १९८० च्या दशकात तीच पद्धत सुधारलेल्या दिव्यांसह आणि कॅमेऱ्यांसह पुन्हा पुढे आली, आणि मॅमोग्राफीपुढे पुन्हा कमी पडली.

धूसरपणाचे कारण दिव्यात नव्हते, शरीरात होते. पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना दाट धुके लागले, की समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे दिसत नाहीत. पांढुरका उजेड तेवढा पसरलेला दिसतो. दिव्यांचा प्रकाश नाहीसा झालेला नसतो. धुक्यातील असंख्य जलकणांवर आपटून तो आपली दिशा विसरलेला असतो. शरीरातील ऊती प्रकाशाच्या दृष्टीने असेच धुके आहेत. स्तनात शिरलेला प्रकाशकण साधारण एका मिलिमीटरच्या प्रवासात आपली मूळ दिशा गमावतो, आणि पुढचे काही सेंटिमीटर तो वाट चुकलेल्या माणसासारखा भरकटत राहतो. क्ष-किरण बहुतांशी सरळ रेषेत जातात म्हणून त्यांची सावली रेखीव पडते. प्रकाशाला रेखीव सावली पाडणे जमत नाही.

असे असूनही संशोधकांनी प्रकाशाचा नाद सोडला नाही, कारण त्याच्याजवळ असा एक गुण आहे जो क्ष-किरणांजवळ नाही. तो पदार्थ ओळखतो. १९७७ साली फ्रान्स योबसिस या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की लाल रंगाच्या किंचित पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश जिवंत शरीरात बराच खोल जातो आणि रक्तातील ऑक्सिजनची वार्ता घेऊन बाहेर येतो. सुमारे ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा पट्टा म्हणजे शरीराच्या भिंतीतील खिडकीच म्हणायची. तिच्या अलीकडे हिमोग्लोबिन प्रकाश गिळते, पलीकडे पाणी. खिडकीच्या आतही प्रत्येक पदार्थाची आवड वेगळी असते. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश अधिक शोषते, ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन ९०० च्या सुमाराचा. ८०० च्या जवळपास दोघांचे शोषण सारखेच होते. चरबीचा स्वतःचा ठसा ९३० च्या आसपास उमटतो, पाण्याचा ९७० च्या. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर याच भेदावर चालतो. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात त्याची कल्पना मांडली. बोटाऐवजी स्तन आणि दोन तरंगलांबींऐवजी सहा-सात घेतल्या, तर एकूण रक्त किती, त्यातले ऑक्सिजनयुक्त किती, पाणी किती, चरबी किती, हे समीकरणे सोडवून काढता येते. चार अज्ञात राशींना किमान चार समीकरणे लागतात, हे शाळेतलेच गणित आहे.

या चार आकड्यांना महत्त्व येते ते कर्करोगाच्या स्वभावामुळे. वाढत्या गाठीला अन्न हवे असते आणि त्यासाठी ती स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, हा विचार ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. या वाहिन्या घाईने बांधलेल्या असतात. वेड्यावाकड्या आणि झिरपणाऱ्या. परिणामी कर्करोगाच्या गाठीत भोवतालच्या ऊतींपेक्षा रक्त बहुधा जास्त, पाणी जास्त, चरबी कमी, आणि पुष्कळदा ऑक्सिजनही कमी आढळतो. अमेरिकेतील एका संशोधकगटाने यावरून एक सोपा निर्देशांक केला आहे : ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन गुणिले पाणी, भागिले चरबी. आकडा जितका मोठा तितका संशय अधिक.

म्हणजे प्रकाशाला ‘काय आहे’ ते कळते. ‘कुठे आहे’ ते नीट सांगता येत नाही.

एमआरआयचे नेमके उलट. तीन टेस्लाचे चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ६०,००० पट बलवान, शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना एका दिशेने किंचित वळवते. त्यांना रेडिओलहरींचा हलका धक्का दिला की ती डोलतात आणि डोलताना स्वतः लहरी सोडतात. चरबीतला हायड्रोजन आणि पाण्यातला हायड्रोजन वेगळ्या तऱ्हेने शांत होतात, आणि त्यावरून मिलिमीटरच्या बारकाईने चित्र तयार होते. (या तंत्राच्या मूळ नावात ‘अणुकेंद्रीय’ अशा अर्थाचा शब्द होता. रुग्ण किरणोत्साराच्या कल्पनेने घाबरतील म्हणून तो पुढे गाळला गेला. मराठीत ‘अनुनाद’ आणि ‘अनुस्पंदन’ असे दोन्ही शब्द आढळतात. मला दुसरा पसंत आहे, कारण पहिला शब्द ऐकून विद्यार्थ्यांना वाटते, की यंत्राचा जो ठकठक आवाज येतो तोच अनुनाद. तो आवाज यंत्रातील वेटोळ्यांच्या थरथरण्याचा असतो.) उंदरांतील गाठी आणि निरोगी ऊती या तऱ्हेने वेगळ्या ओळखता येतात, हे रेमंड डमेडियन यांनी १९७१ मध्ये दाखवले, प्रतिमा काढण्याची रीत पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दिली. २००३ चे नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले, तेव्हा डमेडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला होता.

स्तनांच्या एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियमचे द्रव्य देतात. झिरपणाऱ्या वाहिन्यांतून ते गाठीत उतरते आणि गाठ उजळते. क्वचितच एखादी कर्करोगाची गाठ या तपासणीतून निसटते. पण काही निरुपद्रवी गाठीही तशाच उजळतात, आणि मग शंका फेडण्यासाठी सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्या तपासणीत बऱ्याच स्त्रियांची गाठ साधी निघते. अहवाल येईपर्यंतचे दिवस त्या बाईने आणि तिच्या घराने कसे काढले, याची नोंद मात्र कुठल्याही कागदावर होत नाही.

दोन्ही तपासण्या एकत्र आणण्यातली पहिली सोय अगदी व्यावहारिक आहे. चुंबकाच्या खोलीत लोखंड नेता येत नाही. प्रकाश मात्र नेता येतो. काचेच्या तंतूंना चुंबकाशी काही देणेघेणे नसते. लेसर आणि प्रकाश मोजणारी उपकरणे शेजारच्या खोलीत ठेवायची आणि लांबलचक तंतू भिंतीतील भोकातून आत सोडायचे. स्त्री पालथी झोपते, स्तन खालच्या पोकळीत सुटे राहतात, आणि तिथेच तंतूंची टोके त्वचेला हलकेच टेकवलेली असतात. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ब्रिटन चान्स, अर्जुन योध आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाश व एमआरआय यांची एकाच वेळी घेतलेली स्तनांची चित्रे २००० साली प्रसिद्ध केली. त्यात गॅडोलिनियमबरोबर एक हिरवे रंगद्रव्यही शिरेतून दिलेले होते. (हे चान्स म्हणजे एक अजब गृहस्थ. जीवरसायनातील त्यांचे काम पायाभूत मानले जाते, आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी नौकानयनात सुवर्णपदकही मिळवले होते.) पुढे न्यू हॅम्पशरमधील डार्टमथ कॉलेजात ब्रायन पोग, कीथ पॉल्सन आणि त्यांच्या गटाने हाच विषय चिकाटीने लावून धरला, आणि केवळ दोन चित्रे शेजारी ठेवण्यापलीकडे ते गेले.

त्यांच्या एका रचनेत स्तनाभोवती १६ तंतूंचे कडे होते. एका तंतूतून प्रकाश सोडायचा, उरलेल्या १५ मधून किती आला ते मोजायचे. मग दुसऱ्यातून सोडायचा. १६ गुणिले १५, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला २४० मोजमापे. आता स्तनाच्या आतील प्रत्येक बिंदूपाशी किती शोषण होते ते काढायचे, तर असे बिंदू हजारावर. २४० उत्तरांवरून हजारावर प्रश्नांची उकल करायची! एकच मोजमाप देणाऱ्या अंतर्रचना अनेक असू शकतात : मध्यभागी लहानशी पण रक्ताने गच्च भरलेली गाठ, किंवा तिच्या तिप्पट रुंदीचा किंचित लालसर पट्टा. बाहेरून पाहता दोन्ही जवळजवळ सारख्याच. गणित अशा वेळी सावध उत्तर देते. ते गाठ पसरट करते आणि फिकी करते. एक सेंटिमीटरची गाठ तीन सेंटिमीटरचा अस्पष्ट डाग होऊन समोर येते आणि तिच्यातले रक्त आकड्यांत पातळ होऊन जाते.

मोडी कागद वाचणाऱ्यांना हा पेच चांगला परिचयाचा आहे. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर येथील संस्थानी दप्तरांतले कागद पाहा. आधी शिरोरेषा ओढलेली, तिच्याखाली अक्षरांची अखंड माळ. शब्द कुठे तुटतो ते दाखवलेले नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘सुत’ आणि ‘सूत’ एकाच तऱ्हेने लिहिलेले. कागद दत्तकविधानाचा असेल तर सुत म्हणजे मुलगा, विणकराच्या हिशेबाचा असेल तर सूत म्हणजे धागा. अक्षरे तेवढीच असतात; वाचन सिद्धीला जाते ते कागद कशाबद्दल आहे हे आधी ठाऊक असल्यामुळे.

डार्टमथच्या गटाने एमआरआयकडून हेच काम करून घेतले. एमआरआयच्या चित्रावरून चरबीचा प्रदेश कोणता, ग्रंथींचा कोणता आणि संशयित गाठ कोणती, याच्या सीमा आखून घ्यायच्या आणि त्या सीमा प्रकाशाच्या गणिताला आधीच सांगून ठेवायच्या. शेताचे बांध एमआरआय घालून देते. कोणत्या शेतात काय पिकले, हे प्रकाश मोजतो. प्रत्येक प्रदेशाचा आतून एकच गुणधर्म आहे असे धरले, तर हजारावर अज्ञात राशींच्या जागी तीनच उरतात आणि २४० मोजमापे त्यांना पुरून उरतात. २००६ मध्ये या गटाने निरोगी स्त्रियांच्या स्तनांतील चरबी आणि ग्रंथी यांची प्रकाशीय लक्षणे अशा रीतीने वेगवेगळी करून दाखवली. ग्रंथींमध्ये चरबीपेक्षा रक्त आणि पाणी जास्त, हे जे शरीरशास्त्रानुसार अपेक्षित होते, तेच त्यांच्या आकड्यांत उतरले.

आधीच दिलेल्या या माहितीला इंग्रजीत ‘प्रायर’ म्हणतात. मराठीत काय म्हणावे? ‘पूर्वज्ञान’ हा शब्द मला योग्य वाटतो. पण ‘पूर्वग्रह’ही तितकाच लागू पडतो, आणि ही केवळ शब्दांची गंमत नाही. वारशाच्या तंट्याचाच कागद आहे असे मनात धरून बसलेल्या वाचकाला विणकराच्या हिशेबातही मुलगा दिसू लागेल. एमआरआयवर गाठीची सीमा चुकीची आखली गेली, तर प्रकाशाचे गणित त्या चुकीच्या प्रदेशालाही इमानेइतबारे एक आकडा देते. गाठ आखायची राहून गेली, तर तिच्यातले रक्त शेजारच्या ग्रंथींच्या नावावर जमा होते. चित्र दोन्ही वेळा रेखीवच दिसते. नुसत्या प्रकाशाने काढलेले धूसर चित्र निदान आपला धूसरपणा लपवत तरी नव्हते.

म्हणून पूर्वज्ञान देण्याच्या दोन रीती झाल्या. त्यांना मी ‘बांधीव’ आणि ‘सैल’ म्हणेन. बांधीव रीतीत एका प्रदेशात एकच मूल्य, तडजोड नाही. सैल रीतीत गणिताला एवढेच सुचवले जाते, की एका प्रदेशातील बिंदू एकमेकांसारखे असण्याचा संभव अधिक आहे. मोजमापे तसे म्हणत नसतील तर वेगळे होण्याची मुभा त्यांना आहे. पहिली रीत आकडा नेमका देते पण सीमेवर आंधळा विश्वास टाकते. दुसरी थोडी फिकट चित्र देते, पण सीमेशी वाद घालू शकते. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला दुसरी अधिक प्रामाणिक वाटते. खरे-खोटे करण्यासाठी संशोधक जिलेटिन, शाई आणि रक्त यांपासून स्तनाच्या प्रतिकृती करतात. त्यांत कुठे काय घातले ते आधीच माहीत असते, आणि सीमा मुद्दाम चुकीची आखली तर उत्तर किती बिघडते तेही पाहता येते.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यायला हवी. गाठीची सीमा आखणारा तज्ज्ञ ती बहुधा गॅडोलिनियमने उजळलेल्या चित्रावरूनच आखतो. म्हणजे दोन साक्षीदारांपैकी दुसऱ्याला कुठे पाहायचे ते पहिल्यानेच सांगितलेले असते. तरीही दुसऱ्याची साक्ष निरर्थक ठरत नाही, कारण पहिल्याने जागा सांगितलेली असते, रक्ताचा आणि ऑक्सिजनचा आकडा सांगितलेला नसतो. संशयित ठिकाणी प्रकाशाला विशेष काही आढळले नाही, तर ती गाठ साधी असण्याकडे पारडे झुकते. एमआरआयची उणीव खोट्या भीतीची असल्याने प्रकाशाचे हे नकारात्मक उत्तरच अधिक मोलाचे. डार्टमथच्या गटाने चीनमधील शिआन येथील रुग्णालयाबरोबर केलेला, ४४ स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या एमआरआयपेक्षा दोहोंच्या संयोगाने घातक आणि निरुपद्रवी गाठींतील निवड सुधारते, असा त्याचा निष्कर्ष होता. ४४ ही संख्या दिशा दाखवायला पुरेशी आहे, उपचारांची रीत बदलायला नाही.

अडचणी काही कमी नाहीत. तंतू त्वचेला नीट टेकले नाहीत तर मोजमाप वाया जाते, आणि स्तनांचे आकार तर किती तऱ्हांचे. एकाच मापाचे कडे सर्वांना बसत नाही. छातीच्या भिंतीलगतच्या गाठीपर्यंत कड्याचा प्रकाश नीट पोचत नाही. शरीरात काही विशिष्ट धातूची उपकरणे बसवलेल्या रुग्णांना चुंबकाजवळ नेताच येत नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियातील ब्रूस ट्रॉमबर्ग यांच्या गटाने चुंबकाशिवायची वाट धरली. हातात धरायचे लहान उपकरण त्वचेवरून फिरवायचे आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीला गाठ दाद देते आहे की नाही, हे आकार घटण्याची वाट न पाहता तिच्यातील रक्त-पाण्याच्या बदलांवरून ओळखायचे. तिथे गाठ कुठे आहे हे आधीच माहीत असते. मला तर हाही पूर्वज्ञानाचाच प्रकार वाटतो.

एमआरआय आणि प्रकाश यांचा हा संयोग अजून संशोधनाच्या अवस्थेत आहे. ज्या बाईला आज गाठ लागली आहे, तिच्यासाठी डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी हाच मार्ग आहे, आणि शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचाच. आपल्या भागात काय परवडते, याचेही भान ठेवावे लागते. मुंबईत टाटा मेमोरियल केंद्राने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या दीर्घ अभ्यासात कोणतेही चित्रण नव्हते. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतील घट निर्णायक नव्हती, पण पन्नाशीपुढील स्त्रियांत ती जवळजवळ ३० टक्के होती. तेव्हा चुंबक आणि लेसर यांचा प्रश्न या पहिल्या पायरीनंतरचा, गाठ सापडल्यावर पुढे काय, एवढ्यापुरताच आहे.

डार्टमथच्या गटाचे अलीकडचे काम सीमा आखण्याच्या कामातून माणसाला वगळण्याच्या दिशेने गेले आहे. २०२२ साली त्यांनी चिनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत संगणकावरील कृत्रिम चेताजालाला एमआरआयचे चित्र आणि प्रकाशाची मोजमापे एकदमच दिली जातात, आणि ते थेट हिमोग्लोबिनचे चित्र काढते. चरबी इथे, ग्रंथी तिथे, अशी रेघ कुणी हाताने मारत नाही. वेळ वाचतो आणि आखणाऱ्याच्या हातची चूक टळते. पण पूर्वज्ञान गेलेले नाही; त्याने जागा बदलली आहे. हे जाल संगणकाने रचलेल्या काल्पनिक स्तनांच्या उदाहरणांवर शिकवलेले आहे. पूर्वी चित्रावरची रेघ पाहून ‘ही इथे का?’ असे विचारता येत होते. आता तो प्रश्न त्या काल्पनिक उदाहरणांना विचारावा लागतो : त्यांत कोणत्या आकाराचे स्तन होते, दाट ग्रंथींचे किती, छातीलगतच्या गाठी किती. रुग्णांच्या मोजमापांवर हे जाल आता पारखले जात आहे, आणि शिआनसारख्या ठिकाणांहून आलेली मोजमापे त्यासाठी लागणार आहेत.